चुलीपाशीं सांपडणारा इतिहास
(सतराव्या शतकांतील ब्रिटन आणि ऐतिहासिक कादंबरीकार)

१६६६ सालच्या सप्टेंबर महिन्याची ४ तारीख. लंडन शहर जळूं लागल्याचा तो तिसरा दिवस होता. पुडिंग लेनमधील एका भटारखान्यांत २ तारखेच्या उत्तररात्रीं लागलेली आग वाऱ्याबरोबर गल्लीमागून गल्ली गिळीत चालली होती. आरमाराच्या कचेरींतील एक अधिकारी, सॅम्युएल पीप्स, त्या दिवशीं आपल्या एका सहकाऱ्याला बरोबर घेऊन बागेंत खड्डा खणीत होता. त्या खड्ड्यांत त्यानें आपलें मद्य ठेविलें, आणि मद्याबरोबर इटलीहून आलेलें एक परमेसान चीज ठेविलें. राजधानी भस्मसात् होत असतां चीज पुरून ठेवणारा हा गृहस्थ प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. परंतु तें चीज मोलाचें होतें, सामान हलविण्यास गाड्या वाटेल त्या भावानें मिळत होत्या, आणि जें वाहून नेतां येत नाहीं तें मातीच्या स्वाधीन करणें हाच शहाणपणाचा मार्ग होता. इतिहासाच्या ग्रंथांत त्या आगीचा हिशेब सुमारें १३,२०० घरें आणि ८७ चर्चें असा दिलेला असतो. कादंबरीकाराला मात्र त्या आंकड्यांपेक्षां बागेंतील तो एक खड्डा अधिक उपयोगी पडतो. कारण त्या खड्ड्याच्या कांठावर एक माणूस उभा आहे.

असे खड्डे शोधून काढावयाचे कोठें व कसे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सतराव्या शतकांतील ब्रिटनची राजकीय कथा कोणत्याही ग्रंथालयांत सहज मिळते. १६०३ मध्यें स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्या गादीवर बसला. १६४२ मध्यें राजा व पार्लमेंट यांच्यांत यादवी पेटली. १६४९ च्या जानेवारींत राजाचा शिरच्छेद झाला. १६६० मध्यें त्याच्या मुलाला पुन्हां गादीवर बसविण्यांत आलें. १६६५ मध्यें प्लेग आला, दुसऱ्या वर्षीं आग लागली, आणि १६८८ मध्यें आणखी एक राजा देश सोडून पळाला. इतक्या घडामोडी ज्या शतकांत झाल्या त्याकडे कादंबरीकारांचें लक्ष जावें यांत नवल नाहीं. डॅनियल डिफो यानें १७२२ मध्यें प्लेगच्या वर्षाची कहाणी लिहिली. प्लेगच्या वेळीं तो स्वतः जेमतेम पांच वर्षांचा होता. तरी मृत्यूंचीं छापील पत्रकें आणि जुनीं कागदपत्रें यांच्या आधारानें त्यानें ती अशी सजविली कीं, पुष्कळांनीं ती प्रत्यक्ष पाहणाऱ्याची हकीकत समजून वाचली. वॉल्टर स्कॉट यानें १८१६ पासून पुढें या शतकावर एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हांपासून ही परंपरा अखंड चालू आहे.

परंतु लढायांच्या तारखा पाठ झाल्या म्हणजे कादंबरी लिहितां येते असें नाहीं. नायकाला सकाळीं उठावें लागतें. तो कशावर निजला होता? अंधारांत त्यानें उजेड कशाचा केला? तोंड कशानें धुतलें? न्याहारीला काय खाल्लें, आणि तें कोणी शिजविलें? पहिल्या पानावरच हे प्रश्न उभे राहतात, आणि त्यांचीं उत्तरें राजांच्या चरित्रांत सांपडत नाहींत.

पहिली अडचण येते ती तारखेचीच. ब्रिटनमध्यें १७५२ पर्यंत जुनें जूलियन पंचांग चालत होतें, व तें सतराव्या शतकांत युरोपांतील नव्या पंचांगाच्या मागें दहा दिवस होतें. शिवाय इंग्लंडांत कायद्याचें नवें वर्ष १ जानेवारीला न लागतां २५ मार्चला लागे. स्कॉटलंडनें मात्र १६०० पासून १ जानेवारी स्वीकारली होती. म्हणून पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद आजच्या गणनेनें ३० जानेवारी १६४९ चा असला, तरी त्या वेळच्या इंग्रजी कागदांत त्यावर १६४८ सालच आढळतें. हें ध्यानांत न घेणाऱ्या लेखकाच्या कथेंत एखादें मूल आईबापांच्या लग्नाआधीं वर्षभर जन्माला येतें, किंवा मेलेला मनुष्य पत्र लिहितो. शालिवाहन शक आणि इसवी सन यांचा मेळ घालण्याची संवय असलेल्या मराठी अभ्यासकाला ही अडचण नवी वाटणार नाहीं.

दुसरी अडचण पैशाची. बारा पेन्सांचा एक शिलिंग व वीस शिलिंगांचा एक पौंड होई, आणि पेन्सचे चार फार्दिंग होत. १९५७ पूर्वींचे रुपये, आणे, पै ज्यांनीं मोजले आहेत त्यांना हा हिशेब परका नाहीं. परंतु मौज अशी कीं, बाजारांत सुटी नाणीं पुरेशीं नसत. १६४८ ते १६७२ या काळांत खानावळवाले, वाणी, मेणबत्तीवाले आपापल्या नांवाचे पितळेचे वा तांब्याचे बिल्ले काढून त्यांवरच गिऱ्हाइकांशीं व्यवहार करीत. १६७२ मध्यें सरकारनें तांब्याचीं नाणीं पाडल्यावर ते बिल्ले बंद पडले. १६६० सालच्या लंडनमधील एखादी बाई दुकानांत जाऊन परत घेते ती चिल्लर राजाची नसून शेजारच्या वाण्याची आहे, एवढा एक तपशील कथेंत आला तर सगळी गल्ली डोळ्यांपुढें उभी राहते.

आतां साधनांकडे वळावें. सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे रोजनिशा. पीप्सची रोजनिशी १ जानेवारी १६६० रोजीं सुरू होते आणि ३१ मे १६६९ रोजीं डोळे जातील या भीतीनें थांबते. ती त्यानें शेल्टन नांवाच्या गृहस्थाच्या लघुलेखन-पद्धतीनें लिहिली होती. त्याच्या मृत्यूनंतर सहा बांधीव वह्या केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजांत गेल्या व शंभर वर्षें न वाचतां पडून राहिल्या. १८१९ ते १८२२ या काळांत जॉन स्मिथ या तरुणानें त्या उलगडून लिहून काढल्या. १८२५ मध्यें त्यांतील निवडक भाग छापला गेला, आणि संपूर्ण शुद्ध प्रत १९७० ते १९८३ या काळांत बाहेर आली. बुटांना नव्यानें बसविलेल्या बकला, मुतखड्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचा वाढदिवस, घरांतील भांडणें, चहाचा पहिला पेला, सर्व कांहीं तींत आहे. प्लेगच्या वर्षीं त्यानें नवा केसांचा टोप विकत घेतला होता. परंतु ते केस प्लेगनें मेलेल्यांच्या डोक्यावरून कापले असतील तर काय, या भीतीनें तो घालण्यास त्याचें मन धजेना. साथीची दहशत दाखविण्यास प्रेतांचे ढीग वर्णन करण्याची गरज नसते. खुंटीवर लटकलेला तो टोप पुरे आहे.

परंतु पीप्सवर सर्वस्वीं विसंबणें धोक्याचें आहे. तो लंडनचा, पैसेवाला, राजदरबारीं जाणारा पुरुष होता. त्याच्या डोळ्यांनीं सर्व ब्रिटन पाहणें म्हणजे मुंबईच्या एका बड्या कामगाराच्या वहीवरून सर्व महाराष्ट्राची दिनचर्या लिहिण्यासारखें आहे. त्याच्या जोडीला इतर वह्या ठेवाव्या लागतात. एसेक्स परगण्यांतील अर्ल्स कोन गांवचा धर्मोपदेशक राल्फ जॉसेलिन यानें चाळीस वर्षें रोजनिशी लिहिली. तींत पाऊस, पिकें, पोरांचीं दुखणीं आणि देवाचें भय यांचीच गर्दी आहे. लँकॅशरमधील रॉजर लो हा दुकानांत उमेदवारी करणारा तरुण. त्याच्या वहींत गिऱ्हाइकें, दारूचे पेले आणि फसलेलीं प्रेमप्रकरणें आढळतात. लंडनचा कातारी नेहेमाया वॉलिंग्टन यानें पन्नास वह्या भरल्या. त्यांपैकीं सात उरल्या आहेत. डोरोथी ऑस्बोर्न या तरुणीनें घरच्यांचा विरोध असतांना विल्यम टेंपल याला १६५२ ते १६५४ या काळांत लिहिलेलीं पत्रें राहिलीं आहेत. शेवटीं त्या दोघांचें लग्न झालें. स्त्रीची बोली कशी चाले, रुसवा कसा व्यक्त होई, थट्टा कोठवर जाई, हें त्या पत्रांतून जितकें कळतें तितकें दुसऱ्या कशांतून क्वचितच कळेल.

रोजनिशी लिहिणारे शेंकड्यांत एकहि नव्हते. १६४१-४२ मध्यें पार्लमेंटच्या हुकुमानें गांवोगांवच्या पुरुषांकडून एका शपथपत्रावर सह्या घेण्यांत आल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनीं खुणा केल्या. त्या कागदांवरून असें दिसतें कीं, सुमारें दहांपैकीं सात पुरुष सही करूं शकत नव्हते. स्त्रियांचें प्रमाण याहूनहि वाईट होतें. वाचावयास आधीं व लिहावयास नंतर शिकवीत असल्यामुळें सही न येणाऱ्यांपैकीं कांहींना वाचतां येत असे, ही गोष्ट निराळी. परंतु ज्यांनीं स्वतः कांहीं लिहिलें नाहीं अशांचें जीवन शोधावयाचें तर दुसरीकडे जावें लागतें.

तें दुसरें ठिकाण म्हणजे मृतांच्या सामानाच्या याद्या. इंग्लंडांत मनुष्य मेल्यावर त्याच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी होण्यापूर्वीं शेजारचे दोन-चार जाणते गृहस्थ घरांत येत आणि खोली-खोलींतून फिरत जंगम मालाची किंमत लावीत. अशा हजारों याद्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या दफ्तरखान्यांत राहिल्या आहेत. त्यांत पितळेचीं भांडीं, कथलाच्या मिश्रधातूचीं ताटें, पिसांची गादी, लोंकरीचें चातें, गोठ्यांतील गाय, शेतांत उभें असलेलें पीक, छतास टांगलेलें डुकराचें मांस, सर्वांची नोंद किंमतीसह असते. सामान्य कुटुंबांत बिछाना व त्याचीं पांघरुणें हीच पुष्कळदां सर्वांत मोलाची मत्ता असे, हें या याद्यांतूनच उमगतें. यादी लिहिणारे ज्या क्रमानें फिरले त्या क्रमानें कादंबरीकारहि फिरूं शकतो. पुढील दालनांतून स्वयंपाकघरांत, तेथून दुभत्याच्या खोलींत, मग जिन्यानें वर, असें घर हळूहळू उभें राहतें.

मात्र यादी बोलते तितकीच गप्पहि बसते. घर व जमीन तींत येत नाहीं. नवरा जिवंत असतांना पत्नीची निराळी मत्ता कायदा मानीत नसे. म्हणून विधवांच्या व अविवाहितांच्या याद्या मिळतात, संसारांतील बायकांच्या बहुधा मिळत नाहींत. फुटकें मडकें, लांकडाची पळी, पोराचें खेळणें यांना किंमत नसल्यामुळें तीं ‘इतर किरकोळ सामान’ या तीन शब्दांत गडप होतात. आणि अगदीं गरिबांकडे यादी करण्याजोगें कांहींच नसे. शिवाय ते कागद त्या काळच्या वळणदार अक्षरांत लिहिलेले असतात. तें अक्षर आजच्या इंग्रजाला देखील शिकल्यावांचून लागत नाहीं. मोडी रुमाल सोडून बसलेल्या मराठी संशोधकाला त्या इंग्रजाची दशा सहज समजेल.

गरीब सांपडतात ते सरकारी वसुलींत आणि न्यायकचेरींत. १६६२ पासून १६८९ पर्यंत इंग्लंडांत चूलपट्टी होती. दर चुलीमागें वर्षाला दोन शिलिंग, निम्मे लेडी डेला आणि निम्मे मायकेल्मसला. त्या वसुलीच्या वह्यांत गांवांतील घरागणिक चुलींची संख्या असते. कोणाच्या वाड्यांत वीस, कोणाच्या खोपटांत एक, आणि पट्टी देण्याचीहि ऐपत नसलेले म्हणून सूट मिळालेले लोक कोण, हें सारें एका पानावर दिसतें. १६०१ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशला आपले गरीब पोसण्याची जबाबदारी दिली होती. त्या हिशेबांत एखाद्या म्हातारीला दिलेले जोडे, एखाद्या अनाथाचें कफन, यांची पेन्सागणिक नोंद सांपडते. धर्मन्यायालयांतील जबान्यांत प्रत्येक साक्षीदाराचें वय, गांव व धंदा लिहून मग त्याचें म्हणणें उतरून घेतलेलें असतें. मोलकरणीनें दाराच्या फटींतून काय पाहिलें, शेजारणीनें विहिरीवर कोणती शिवी दिली, हें तेथें तिच्या तोंडून ऐकूं येतें. स्कॉटलंडांत हेंच काम चर्चच्या स्थानिक पंचायतींच्या वह्या करतात. लंडनच्या ओल्ड बेलींतील खटल्यांचे छापील वृत्तान्त १६७४ पासून आहेत, आणि २००३ पासून ते जगांत कोठेंहि बसून वाचतां येतात. पुणें किंवा नागपूर येथील लेखकालाहि आज त्या कागदांपर्यंत पोंचणें अशक्य राहिलेलें नाहीं.

या सर्व साधनांचा पहिला उपयोग असा होतो कीं, लेखकाच्या मनांतील ठाम समजुती गळून पडतात. सर्वसाधारण समजूत अशी कीं, त्या काळीं मुलींचीं लग्नें तेराव्या-चौदाव्या वर्षीं होत. सरदार घराण्यांत तसें कधीं कधीं होई. परंतु १९६४ मध्यें केंब्रिज येथें स्थापन झालेल्या लोकसंख्या-इतिहासाच्या संशोधक मंडळानें शेंकडों पॅरिशांचीं जन्म-विवाह-मृत्यूंचीं दफ्तरें तपासलीं, तेव्हां असें दिसलें कीं, सामान्य इंग्रज स्त्री सुमारें पंचविसाव्या-सव्विसाव्या वर्षीं व पुरुष सुमारें अठ्ठाविसाव्या वर्षीं लग्न करीत असे. लग्नापूर्वींचीं दहा-बारा वर्षें पुष्कळ मुलेंमुली परक्याच्या घरीं वर्षाच्या कराराने चाकरी करून पैसा सांठवीत. लग्न झालें कीं निराळें घर मांडीत. सासूसासरे, दीर, जावा एकाच चुलीवर जेवत आहेत असें चित्र तेथें क्वचितच दिसे. मराठी लेखकानें येथें विशेष जपावें. आपल्याकडील एकत्र कुटुंब नकळत तिकडे नेऊन बसविलें, तर त्या समाजाची सारी चाकें उलटीं फिरूं लागतील.

दुसरी समजूत अशी कीं, त्या काळीं कोणी पाणी पीतच नसे. सातूची सौम्य बिअर हें रोजचें पेय होतें हें खरें, व तें मुलेंहि पीत. परंतु लंडनला गोडें पाणी आणण्यासाठीं न्यू रिव्हर नांवाचा कालवा १६१३ मध्यें पुरा झाला होता, आणि खांद्यावरून पाणी वाहणारे पाणके हा शहरांतील परिचित वर्ग होता. तिसरी समजूत चहाची. पीप्सनें पहिला चहा २५ सप्टेंबर १६६० रोजीं घेतला, आणि ती त्याला नोंद करण्यासारखी नवलाई वाटली. तेव्हां यादवी युद्धांतील एखाद्या शेतकऱ्याच्या घरीं पाहुण्याला चहा दिला, तर सगळा प्रसंग कोसळतो. कॉफीचें पहिलें दुकान लंडनमध्यें १६५२ चें. त्यापूर्वींच्या नायकाला कॉफी पाजूं नये. जेवतांना सुरी व बोटें चालत. कांटा ही शतकाच्या बऱ्याच भागांत इटालियन ऐट समजली जाई. अंग धुण्यापेक्षां अंगाला लागणारें लिननचें वस्त्र बदलणें ही स्वच्छता मानीत, व शुभ्र गळपट्टी ही अब्रूची खूण होती. खेड्यांत रात्रींचा उजेड म्हणजे लव्हाळ्याची सोललेली काडी चरबींत बुडवून केलेली वात; ती लोखंडी चिमट्यांत तिरपी धरून जाळीत. ज्या घरांत असा उजेड आहे त्या घरांत कोणी रात्रभर ग्रंथ वाचीत बसत नाहीं.

यापुढचा प्रश्न भाषेचा. रोझ मॅकॉले या इंग्रज लेखिकेनें १६४० च्या सुमाराच्या जीवनावर १९३२ मध्यें एक कादंबरी लिहिली, आणि तींतील पात्रांच्या तोंडीं त्या काळीं वापरांत नव्हता असा शब्द येऊं नये म्हणून कसोशी केली. १८८४ ते १९२८ या काळांत खंडशः निघालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशांत प्रत्येक शब्द प्रथम केव्हां आढळला याची नोंद असल्यामुळें असा पडताळा पाहतां येतो. मराठींत लिहिणाऱ्याला ही चाळणी लागू नाहीं. परंतु एका बाबतींत त्याचें दैव आजच्या इंग्रज लेखकापेक्षां चांगलें आहे. सतराव्या शतकांतील इंग्रजींत तूं आणि तुम्ही असा भेद जिवंत होता. बाप मुलाला, धनी चाकराला तूं म्हणे. चाकरानें धन्याला तूं म्हटलें तर तो अपमान होई. १६५० च्या सुमारास क्वेकर पंथ निघाला. त्याच्या अनुयायांनीं देवापुढें सर्व सारखे म्हणून न्यायाधीशालाहि तूं म्हणावयास व त्याच्यापुढें टोपी न काढण्यास सुरुवात केली. त्यापायीं त्यांना मार व तुरुंगवास सोसावा लागला. आजच्या इंग्रजीनें हा भेद गमावला आहे, त्यामुळें तो प्रसंग इंग्रज वाचकाला समजावून सांगावा लागतो. मराठी वाचकाला मात्र एका शब्दांत त्याची ठिणगी लागते.

परंतु वस्त्रें, भांडीं व भाषा जमलीं तरी सर्वांत कठीण काम राहतेंच, आणि तें म्हणजे मन. जुन्या पोषाखांत आजचें मन बसविणें हा ऐतिहासिक कादंबरीचा नेहमींचा अपराध आहे. १६४८ मध्यें जॉसेलिनचा तान्हा मुलगा मेला. बाप शोकानें व्याकुळ झाला, आणि देवानें ही शिक्षा कशाबद्दल केली असावी याचा शोध करूं लागला. अवेळीं बुद्धिबळें खेळण्यांत आपण रमलों, हें एक पाप त्याला आढळलें. आजचा वाचक येथें हंसेल, किंवा आजचा लेखक हा प्रसंग गाळून टाकील, कारण आपला नायक वेडगळ दिसावा असें त्याला वाटत नाहीं. दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत. तो बाप वेडा नव्हता. जगांत कांहींहि कारणावांचून घडत नाहीं आणि तें कारण परमेश्वराच्या हातीं आहे, असें मानणाऱ्या समाजांतील तो विचारी मनुष्य होता. मुलाच्या मृत्यूचा भार निरर्थक म्हणून सोडून देण्यापेक्षां तो त्यानें स्वतःच्या शिरावर घेतला. त्याचें दुःख कमी होतें असें मानणें जितकें चूक, तितकेंच तें आपल्यासारखें होतें असें मानणेंहि चूक.

डर्बीशर परगण्यांतील ईम या खेड्याची गोष्ट या कसोटीला लावून पाहावी. १६६५ च्या सप्टेंबरांत तेथें प्लेग शिरला. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर तो आला असें सांगतात. पुढल्या उन्हाळ्यांत धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन याच्या सांगण्यावरून गांवकऱ्यांनीं वेशीबाहेर न जाण्याचें ठरविलें. मॉम्पेसनची पत्नी त्याच ऑगस्टांत वारली. परंपरेनें २६० मृत्यू सांगितले जातात. गांवाबाहेर रायली येथें हॅन्कॉक कुटुंबाच्या कबरी आहेत. १६६६ च्या ऑगस्टमधील आठ दिवसांत एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईचा नवरा व सहा मुलें गेलीं, आणि तिनें त्यांना स्वतःच्या हातांनीं पुरलें.

या गांवावर नाटकें, काव्यें, कादंबऱ्या पुष्कळ झाल्या. २००१ मध्यें जेराल्डीन ब्रूक्स यांची कादंबरी आली. परंतु गांवच्या कहाणींतील बरेच रंग एकोणिसाव्या शतकांत भरले गेले आहेत, आणि मूळ कागद बघूं जातां हातीं येतात तीं बहुतेक नांवें व तारखा. येथेंच लेखकाची खरी परीक्षा होते. हॅन्कॉकबाईच्या तोंडीं मोठें भाषण घालणें सोपें आहे. त्याऐवजीं जो लेखक चुलीपाशीं जाऊन आला आहे, त्याला इतर गोष्टी सुचतील. ऑगस्ट हा कापणीचा महिना. शेत उभें होतें आणि कापावयास हात नव्हते. दुभतें जनावर असेल तर घरांत प्रेत असलें तरी त्याची धार काढावीच लागते. त्या डोंगराळ मुलखाची माती खडकाळ. तेथें एक खड्डा खणण्यास पुरुषालाहि घाम फुटतो. शेजारी मदतीला येऊं शकत नाहींत, कारण न येणें हाच त्या गांवानें घेतलेला धर्म आहे. या गोष्टी नीट मांडल्या कीं बाईला बोलण्याची गरज उरत नाहीं. अभ्यासाचें फळ हेंच आहे. ती बाई खरी होती. तिला ज्यांतून जावें लागलें तें खोटें सजविण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं, आणि तें विसरून जाण्याचाहि नाहीं.

शेवटीं, हें शतक मराठी माणसाला वाटतें तितकें दूर नाहीं. ५ सप्टेंबर १६६३ रोजीं पीप्सनें पत्नीची खोली मढविण्यासाठीं हिंदुस्थानांतून आलेलें एक रंगीत कापड विकत घेतलें, आणि त्याचें नांव त्यानें लिहिलें तें आपलेंच, छीट. त्यानंतर चारच महिन्यांनीं, १६६४ च्या जानेवारींत, छत्रपति शिवाजी महाराजांची स्वारी सुरतेवर आली. सुरत हें इंग्रज कंपनीच्या कापडाच्या व्यापाराचें मुख्य ठाणें होतें. १६६१ च्या विवाह-करारांत पोर्तुगालनें मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, आणि राजानें ती १६६८ मध्यें कंपनीला वर्षाकांठीं दहा पौंडांच्या भाड्यानें दिली. लंडनच्या एका खोलीच्या भिंतीवरील छीट आणि सुरतेची वखार हीं एकाच धाग्यानें बांधलेलीं आहेत. तो धागा हातीं धरून एखादा मराठी कादंबरीकार त्या काळांत शिरला, तर त्याला तेथें सर्वस्वीं परकें असें वाटणार नाहीं. मात्र जातांना त्यानें राजवाड्याच्या दरवाजानें न जातां मागच्या अंगणांतून जावें, आणि चुलीवर काय शिजतें आहे तें प्रथम पाहावें.